पाणी जपून वापरा, पण कोणी?

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. त्यामुळे भिंतीवर एखादे वाक्य दिसले की अर्थाआधी त्याचे व्याकरण डोळ्यांत भरते. एप्रिल उजाडला की शहरात ठिकठिकाणी दिसणारे वाक्य घ्या. ‘पाणी जपून वापरा.’ आज्ञार्थी वाक्य, कर्ता अध्याहृत. उर्दूत याला अम्र म्हणतात, म्हणजे हुकूम. मुलांना मी सांगते की कर्ता लिहिलेला नसला तरी तो कोण हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असते. या वाक्यात मात्र गडबड आहे. हे वाक्य सगळ्यांना उद्देशून आहे असे भासते, पण ते पाळावे लागते ते फक्त ज्याच्याकडे पाणी आधीच कमी आहे त्याला. ज्याच्या इमारतीखाली दोन लाख लिटरची टाकी आहे, तो हा फलक वाचून पुढे जातो. ज्याच्या मोरीत एक पिंप आणि चार हंडे आहेत, तो न वाचताही हुकूम पाळत असतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात हा हुकूम जरा जास्त जोरात ऐकू आला. शेजारच्या मुंबईत ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात जाहीर झाली. राज्य सरकारने त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मराठवाड्यातली गावे टँकरवर जगत होती. अशा वेळी पनवेलकराने आपल्या नळाबद्दल तक्रार केली की त्याला लगेच ऐकवले जाते, ‘अहो, दुष्काळ आहे, जरा समजून घ्या.’

समजून घ्यायला माझी हरकत नाही. पण आधी शब्द नीट वापरू या. जाहीर झालेल्या त्या चाळीस तालुक्यांत पनवेल नाही, आणि असण्याचे कारणही नाही. पनवेल कोकणात आहे. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण किंवा आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो आपल्याकडे बघून हसेल. २६ जुलै २००५ रोजी गाढी नदी शहरात शिरली होती, ते पाणी अनेकांना अजून आठवते. दुष्काळ आभाळातून येतो. आपल्याकडे जी येते ती टंचाई, आणि ती कार्यालयातून येते. दुष्काळाला सबर करायचा असतो. टंचाईचा जाब विचारायचा असतो.

एक साधा हिशोब मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडते. शंभर चौरस मीटरचे छप्पर, त्यावर तीन मीटर पाऊस. म्हणजे तीनशे घनमीटर, तीन लाख लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा आपल्या देशातला सरकारी निकष आहे. पाच माणसांच्या घराचे वर्षाचे पाणी त्या निकषाने होते दोन लाख शेहेचाळीस हजार लिटर. जुन्या पनवेलमधल्या एका बैठ्या घराच्या छपरावर चार महिन्यांत त्या घराच्या वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त पाणी पडते आणि गटाराने खाडीला जाते. मुले लगेच विचारतात, ‘मिस, पण एवढं पाणी ठेवणार कुठे?’ प्रश्न बरोबर आहे. कोणाच्याही घरी तीन लाख लिटर मावत नाही. म्हणून तर या गावाने तळी आणि विहिरी बांधल्या होत्या. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

आधी पनवेलचे पाणी येते कुठून ते पाहू. १८५२ साली स्थापन झालेली इथली नगरपालिका राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिच्या मालकीचे स्वतःचे धरण आहे, माथेरानच्या पायथ्याशी, गाढी नदीवरचे देहरंग. नवी मुंबईने मोरबे धरण विकत घेतल्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे, पण पनवेलकडे स्वतःचे धरण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फरक एवढाच की मोरब्याची साठवण १९० दशलक्ष घनमीटरच्या घरात आहे आणि देहरंग लहान, त्यात गाळाने भरलेले. पावसाळ्यात ते भरून वाहते, उन्हाळ्यात तळ दाखवते. गाळ काढण्याची चर्चा दर उन्हाळ्यात होते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला मालडुंगे-धोदाणीच्या बाजूला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, तिथल्या बाया मे महिन्यात डोंगरउतारावर हंडे वाहतात. शहरात टंचाईची बातमी होते तेव्हा त्या वाड्या बातमीत क्वचितच असतात.

देहरंग पुरत नाही म्हणून पाताळगंगेचे पाणी घेतले जाते. ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून येते, जुन्या आणि वारंवार फुटणाऱ्या जलवाहिनीतून. आता इथे थोडे थांबायला हवे, कारण ही गोष्ट पनवेलमध्ये फार लोकांना माहीत नसते. पाताळगंगा भर उन्हाळ्यात वाहते कशी? कोकणातल्या बऱ्याच नद्या मार्चपर्यंत खडक दाखवू लागतात. पाताळगंगेत पाणी असते कारण खोपोलीला टाटांचे वीजघर आहे. ते १९१५ साली सुरू झाले, मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी घाटावरून खाली सोडून वीज बनवतात आणि वापरलेले पाणी पाताळगंगेत येते. ते तलाव इंद्रायणीच्या खोऱ्यात आहेत, इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा उजनीला आणि पुढे सोलापूरला जाते. म्हणजे कोकणात तीन मीटर पाऊस झेलणारे आपण, मे महिन्यात सोलापूरच्या वाटेवरचे पाणी पितो. आपले पावसाचे पाणी समुद्राला आणि दुष्काळी खोऱ्याचे पाणी आपल्याला. वीजघरातून सोडलेले पाणी कमी झाले की पाताळगंगेची पातळी उतरते आणि पनवेलच्या नळाची धार बारीक होते. दुष्काळी भागाबद्दल आम्हाला सहानुभूती शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा फलकावर लिहावी.

शहराचा बाकीचा भाग आणखी वेगळ्या पाण्यावर. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. जुनी नगरपालिका, एकोणतीस गावे आणि सिडकोच्या वसाहती एका छत्राखाली आल्या. छत्री एक झाली, पाण्याची पिंपे वेगवेगळीच राहिली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल इथला पाणीपुरवठा सिडकोकडे. सिडको काही पाणी पेणच्या हेटवणे धरणातून आणते, काही नवी मुंबई महापालिकेकडून घेते, काही जीवन प्राधिकरणाकडून. कारखान्यांना औद्योगिक विकास महामंडळ. नागरिक हंडा घेऊन सिडकोच्या कार्यालयात गेला की तिथे सांगतात, वरूनच कमी येते. ‘वर’ म्हणजे प्राधिकरण. प्राधिकरण म्हणते, नदीची पातळी खाली आहे. नदी काही म्हणत नाही. घरपट्टी मात्र महापालिकेला भरायची. २०१७ साली निवडून आलेल्या पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या जुलैमध्ये संपली, त्यानंतर प्रशासकाचा कारभार होता. ज्याच्या दारात जाऊन ‘भाऊ, तीन दिवस झाले’ असे ओरडता येईल असा नगरसेवकही त्या काळात उरलेला नव्हता.

एवढ्या पसाऱ्यात टंचाईचे व्यवस्थापन कसे होते? तासांत आणि दिवसांत. एक दिवसाआड पाणी, आठवड्यातून एक दिवस बंद, सकाळी दोन तासांऐवजी एक तास. कपात लिटरमध्ये कधीच सांगितली जात नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

तासांची कपात ही सर्वांना सारखी दिसते म्हणून न्याय्य वाटते. ती तशी मुळीच नाही. एका चाळीतल्या सहा माणसांच्या घरी दोनशे लिटरचे पिंप आणि शंभर लिटर मावतील इतकी भांडी आहेत असे धरू. दिवसाआड पाणी आले, सगळे भरून घेतले, तर तीनशे लिटर दोन दिवस सहा जणांत. माणशी दिवसाला पंचवीस लिटर. नळ आणखी एक तास चालू राहिला तरी त्यांना जास्त मिळणार नाही, कारण ठेवायला जागा नाही. आता एका संकुलाचा विचार करा. जाड जोडणी, जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, मोटार. पाणी दिवसाआड आले तर त्यांची टाकी दिवसाआड भरते. तिथल्या घरात नळ उघडला की पाणी येते, कपात चालू आहे हे लिफ्टमध्ये लावलेल्या सूचनेवरून कळते. दोघांनाही ‘एक दिवसाआड’ हेच दोन शब्द लागू. एकाला तो एकशे दहा लिटरचा तोटा, दुसऱ्याला सूचना. तासांची कपात पाण्यावर लागतच नाही, ती भांड्यांवर लागते. ज्याचे भांडे लहान त्याची कपात मोठी.

आणि मग रात्री मोटारी सुरू होतात. नळाला थेट पंप जोडून पाणी ओढणे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चार घरांनी पंप लावले की टोकाच्या घरात नळातून हवा येते. टोकाला कोण राहते हे शहराच्या नकाशावर बघा.

उरलेली उणीव टँकर भरून काढतो. टँकर हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो कुठून भरला जातो हे आपण विचारत नाही. तो ढगातून भरत नाही. आसपासच्या गावांतल्या विहिरी आणि कूपनलिका उपसून तो भरतो. त्या गावांच्या विहिरी मार्चमध्ये आटतात आणि गावाला मग सरकारी टँकर लागतो. भूजलावर नियंत्रण ठेवण्यासाठी राज्याने २००९ चा कायदा केला आहे, पण शहरात शिरणाऱ्या टँकरच्या पाण्याचा स्रोत, त्याचे प्रमाण, त्याची तपासणी यांचा जाहीर हिशोब एका सामान्य नागरिकाला बघायला मिळत नाही. पाणी नळातून येते तेव्हा ते सार्वजनिक असते. तेच पाणी चाकांवर चढले की खासगी होते. आणि नळाचे पाणी जितके कमी तितकी चाके जास्त फिरतात. टंचाई ही सगळ्यांसाठी वाईट बातमी असते हे खरे नाही.

इथे मला मदिनेची एक गोष्ट आठवते, जी आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. हिजरतीनंतर मदिनेत गोड्या पाण्याची एक विहीर होती, बिर रूमा. मालक पाणी विकत असे, गरिबांना परवडत नसे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती विकत घेऊन लोकांसाठी खुली करणाऱ्याला जन्नतची खूशखबर दिली आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी ती घेऊन वक्फ केली. ही गोष्ट आपण सखावतीची म्हणून सांगतो. मी ती कारभाराची म्हणून वाचते. लोकांना पाणी विकत घ्यावे लागत होते तेव्हा त्यांना ‘कमी प्या’ असे सांगितले गेले नाही. आधी विहीर विक्रीतून सोडवली गेली.

काटकसरीची शिकवण आपल्याकडे आहेच, आणि ती स्पष्ट आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. प्रेषितांचा वुजू एक मुद पाण्यात होत असे, म्हणजे लिटरभराहूनही कमी. आता कोणत्याही मशिदीतल्या वुजूखान्याचा आवाज बाहेरून ऐका. नळ सुरू होतो तो पाय धुऊन होईपर्यंत सुरूच राहतो. आमच्याकडे पूर्वी हौज असायचे. कोकणी मुसलमान शाफई, दोन कुल्ले किंवा त्याहून जास्त पाणी असले आणि त्याचा रंग, वास, चव बदलली नाही तर ते पाक, हे आमच्या आजीलाही पाठ होते. हौज काढून नळांच्या रांगा बसवल्या त्याला आपण सुधारणा म्हटले. स्वच्छतेच्या दृष्टीने असेलही. पण त्या नळांखालचे पाणी गटारात न सोडता एका टाकीत घेऊन संडासांना आणि झाडांना वापरता येते, त्याला फार खर्च नाही, फतवाही लागत नाही. नळाला टाकीच्या जागी तोटी दाबल्याशिवाय पाणी न येणारा प्रकार बसवता येतो. हे आपण करायला हवे, आणि कोणी सांगण्याची वाट न बघता करायला हवे.

फक्त एक गोष्ट मला खटकते. उन्हाळ्यात जुम्याच्या बयानात इसराफवर, उधळपट्टीवर, बोलले जाते. ऐकणारे सगळे पुरुष. त्या वेळी पाणी भरणाऱ्या, भांडी उतरत्या क्रमाने लावणाऱ्या, तांदूळ धुतलेले पाणी कुंडीत आणि कपड्यांचे शेवटचे पाणी संडासात टाकणाऱ्या सगळ्या बाया घरी. पाणी कसे जपायचे याचा या शहरातला सर्वांत मोठा अनुभव ज्यांच्याकडे आहे, त्यांना ना मशिदीत विचारले जाते, ना पाणीपुरवठ्याच्या बैठकीत. शेजारच्या देवळात, बुद्धविहारात, सोसायटीच्या सभेत चित्र वेगळे असेल तर मला कळवा, मला आनंद होईल.

टंचाईचा हिशोब शाळेतही दिसतो, फक्त तो कोणी मांडत नाही. माझ्या वीस-एक वर्षांच्या नोकरीत मी वेगवेगळ्या शाळा पाहिल्या. पाणी नसलेल्या दिवशी मुली पाणी पीत नाहीत. बाटली भरून आणतात आणि भरलेलीच परत नेतात, कारण प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागेल आणि तिथे पाणी नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात, परीक्षेच्या दिवसांत. एका मुलीच्या आईला मी म्हटले, ‘बाजी, हिला पाणी पाजत जा, डोकं दुखतं म्हणते.’ ती म्हणाली, ‘मीच सांगितलंय टीचर, शाळेत पिऊ नको म्हणून.’ टँकरच्या दिवशी हजेरीत कोणाची नावे गैरहजर असतात तेही मी सांगू शकते. मुलग्यांची कमी, मुलींची जास्त. ही कपात कोणत्या टक्क्यात बसते?

या सगळ्यात आणखी एक विषारी गोष्ट दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरते. ‘अमुक वस्तीत पाणी वाया जाते, एकेका घरात दहा-दहा माणसे, बिल कोणी भरत नाही.’ वस्तीचे नाव लिहिलेले नसते, कर्ता इथेही अध्याहृत, पण रोख कळतो. कधी आमचा मोहल्ला, कधी झोपडपट्टी, कधी बाहेरून आलेले मजूर. मी वाद घालत नाही, भागाकार करायला सांगते. एका जोडणीवर दहा माणसे असतील तर त्या जोडणीचे पाणी दहाने भागा. मग बाग, गाड्या धुणे आणि तरणतलाव असलेल्या संकुलाचे पाणी तिथल्या डोक्यांनी भागा. जो आकडा मोठा येईल त्याला फॉरवर्ड पाठवा. अडचण अशी की हा भागाकार कोणालाच करता येत नाही, कारण भाज्यच जाहीर नाही.

पाणीपुरवठ्याची कामे जवळून पाहिलेल्या एका गृहस्थांशी यावर माझे बोलणे झाले. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते चुकीचे नाही. जुने शहर, जुनी वाहिनी, अर्ध्या जोडण्यांना मीटर नाही किंवा आहे तो बंद. अशा ठिकाणी लिटरमध्ये कपात करणार कशी? व्हॉल्व्ह उघडणे आणि बंद करणे एवढेच हातात असते. शिवाय मीटर लावले की मोठी कुटुंबे, म्हणजे बहुतेक गरीबच, जास्त बिल भरतात. ‘तुम्ही मीटर मागता आणि मग मोर्चाही तुम्हीच काढाल,’ ते म्हणाले.

याला माझे उत्तर असे. प्रत्येक घराला मीटर उद्या नको. पण प्रत्येक जलकुंभातून रोज किती पाणी सुटते हे मोजता येते, मोठ्या संकुलांच्या जोडण्या मोजता येतात, टँकर मोजता येतात. व्हॉल्व्हवाला ज्या क्रमाने व्हॉल्व्ह फिरवतो तो क्रम कागदावर लिहून दारावर लावता येतो. टोकाच्या गल्लीला आधी पाणी द्यायचे की नाक्यावरच्या संकुलाला, हा तांत्रिक प्रश्न नाही. आणि मीटरचा दर माणशी ठरवता येतो. ठरावीक लिटरपर्यंत नाममात्र, त्यापुढे चढता. मोर्चाची भीती असेल तर तो ठराव चर्चेला ठेवा. मोर्चे लोक पाणी मोजल्यावर काढत नाहीत, ते न आल्यावर काढतात.

मोजून वाटणे अशक्य असते तर मुंबईने काय केले असते? तिथे सात तलावांचा साठा रोज जाहीर होतो. २०२४ च्या मे अखेरीस तो दहा टक्क्यांच्या खाली गेला हे सामान्य मुंबईकराला माहीत होते. मुंबईत वाटप न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, तिथल्या झोपडपट्ट्यांची रड वेगळीच आहे. पण कपात का आणि किती, याचा आकडा तरी समोर येतो. देहरंगमध्ये आज किती दिवसांचे पाणी आहे, हे सकाळच्या चहाबरोबर मी आजवर कधी वाचलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनने २०१८ च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला पन्नास लिटरची मर्यादा घातली. कोणत्या घराने मर्यादा पाळली ते नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी दाखवले आणि जास्त वापरणाऱ्यांच्या जोडणीला प्रवाह रोखणारी यंत्रे बसवली. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण तिथे ओझे वापरणाऱ्यावर आले, भांडे लहान असणाऱ्यावर नाही. पन्नास लिटर हा तिथे आणीबाणीचा आकडा होता. वरच्या चाळीतल्या घराचा पंचवीसचा आकडा पुन्हा एकदा बघा.

आणि आकडा वेळेवर समोर आला नाही की काय होते ते लातूरने २०१६ मध्ये दाखवले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याच एप्रिलमध्ये आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मैदान आधी की माणूस, हे ठरवायलाही आपल्याला न्यायालय लागते.

आता तळ्यांबद्दल. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे, विश्राळे, इस्रायल. ही पनवेलच्या तळ्यांची नावे. शेवटचे नाव इथल्या बेने इस्रायल समाजाची आठवण ठेवून आहे, ज्यांचे १८४९ चे सिनेगॉग आजही शहरात उभे आहे. गावात हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी सगळे होते आणि पावसाचे पाणी अडवायचे शहाणपण सगळ्यांना होते. यातल्या काही तळ्यांभोवती आता फिरायला रस्ते, दिवे, बाकडी आली आहेत. मीही संध्याकाळी तिथे जाते, छान वाटते. पण तळ्याचे सुशोभीकरण म्हणजे त्याच्या काठाचे सुशोभीकरण. आतल्या पाण्याचे काय? ते पिण्यायोग्य करा असे मी म्हणत नाही. बांधकामे, बागा, रस्ते धुणे, संडास यांना शुद्ध केलेले पाणी का लागते? सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी आणि तळ्या-विहिरींचे पाणी यासाठी वापरले तर तेवढे पिण्याचे पाणी टोकाच्या गल्लीला जाईल. हे मी शोधून काढलेले नाही, प्रत्येक आराखड्यात लिहिलेले असते. कासाडी नदीही पाण्याची नदीच होती. तळोज्याच्या कारखान्यांनी तिचे काय केले याची प्रकरणे हरित लवादापर्यंत गेली. एक नदी घालवायची, तळ्यांना दिवे लावायचे आणि लोकांना हंडा अर्धाच भरा म्हणायचे, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

पाणी हा हक्क आहे की मेहरबानी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. महाड याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. तिथल्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. कागदावर तळे खुले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले. तळ्यात पाणी भरपूर होते. टंचाई नव्हती, वाटप नव्हते. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने दिली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना एवढे लक्षात ठेवू या की ठराव झाला म्हणजे पाणी पोहोचले असे होत नाही.

म्हणूनच मला पुढच्या योजनेचीही धास्ती वाटते. न्हावा-शेवा टप्पा तीनमधून रोज २२८ दशलक्ष लिटर पाणी येणार, त्यात पनवेल महापालिकेचाही वाटा, सगळे प्रश्न सुटणार, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. पेणचे बाळगंगा धरणही असेच सगळे प्रश्न सोडवणार होते, ते चौकशांत आणि खटल्यांत अडकले. समजा टप्पा तीनचे पाणी आले. ते कोणत्या वाहिनीतून, कोणत्या क्रमाने, कोणाच्या टाकीत जाणार? विमानतळ आला आहे, मनोरे उभे राहत आहेत, प्रत्येक मनोऱ्याखाली टाकी आहे. वाटपाचा नियम आज ठरला नाही तर नवे पाणी जुन्याच उताराने जाईल.

२०२४ च्या १३ मेला मतदान झाले. प्रचारात पाण्यावर बोलणारे सगळेच होते, लिटरमध्ये बोलणारा एकही मी ऐकला नाही. पाऊस आला की फलक बदलतात.

१५ जूनला शाळा उघडेल. नववीच्या वर्गाला प्रकल्प द्यायचा असतो, यंदाचा मी ठरवला आहे. प्रत्येकाने सात दिवस घरात येणारे पाणी मोजायचे. पिंप किती लिटरचे, हंडा किती लिटरचा, किती भरले, घरात माणसे किती. नाव लिहायचे नाही, फक्त गल्ली. मोजायचे काम आईने एकटीने करायचे नाही, घरातल्या मुलग्याने आणि बापाने करायचे, अशी अट मी घातली आहे. सगळ्या गल्ल्यांचा तक्ता करून तो मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत, पालकसभेत लावू आणि एक प्रत प्रभाग कार्यालयात देऊन पोच घेऊ. इतर शाळांतल्या शिक्षकांना हा तक्त्याचा नमुना हवा असेल तर मागा, मी पाठवीन. मनोऱ्यांतल्या मुलांच्या शाळांनी मागितला तर आधी पाठवीन, कारण त्या रकान्याशिवाय आमचा भागाकार पुरा होत नाही.